अमेरिकेत वाणसामान आणि कूपनं: खरंच पैसे वाचतात का?

पोळपाट_लाटणं

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही न्यूजर्सीतल्या एडिसनला येऊन आठ महिने झाले, मी, नवरा आणि साडेचार वर्षांचं एक कार्टं. एकाच पगारात भागवायचंय (माझ्या व्हिसावर काम करता येत नाही) आणि भाडं गेल्यावर जे उरतं त्यात थोडंफार इकडेतिकडे करता येईल असा खर्च म्हणजे वाणसामान, म्हणून तिकडे मोर्चा वळवलाय. आमच्या लाँड्री रूममध्ये एक अमेरिकन आजी भेटतात, ऐंशीच्या पुढच्या असतील, त्यांनी परवा मला एक जाडजूड पाकीट दिलं, म्हणाल्या ही कूपनं घे, मला एकटीला किती लागणार. मी खूश. घरी येऊन जमिनीवर पसरली तर सिरियल (ते सकाळी दुधात घालून खायचं), मांजराचं खाणं, डिशवॉशरच्या गोळ्या, केस रंगवायचा डाय आणि परत सिरियल.

तरी त्यातली नऊ निवडून दुकानात गेले. तीन चालली. एकाची तारीख गेलेली, दोन चुकीच्या साइझची (कूपनवर ४६ औंस आणि मी उचललेली ३७ ची बाटली), बाकीच्यांना मशीन नुसतंच टुंई टुंई करत राहिलं. मागे सहा माणसं उभी, पोरगं कार्टमध्ये बसून 'आई बिस्किट, आई बिस्किट', आणि कॅशियर पोरगी गोड हसून म्हणते 'नेक्स्ट टाइम, हनी'. घाम फुटला हो. वाचले किती, तर २ डॉलर ७५ सेंट.

तर प्रश्न असा की हे नक्की चालतं कसं, तुम्ही कोणी करता का, आणि आपल्यासारखं पोळीभाजी खाणाऱ्या घरात याचा काही उपयोग आहे का?

जुना_भिडू

पहिलं म्हणजे लाजू नका, टुंई सगळ्यांचं होतं, मी वीस वर्षं इथे आहे आणि माझं अजून होतं.

कूपनांच्या दोन जाती. एक कंपनीचं, त्यावर 'मॅन्युफॅक्चरर कूपन' असं छापलेलं असतं, ते पैसे दुकानाला नंतर कंपनी भरून देते. दुसरं दुकानाचं स्वतःचं. एका वस्तूला कंपनीचं एकच लागतं पण बऱ्याच दुकानांत त्याच वस्तूला वर दुकानाचंही लागतं, आणि ती वस्तू त्या आठवड्यात सेलवर असेल तर तिन्ही मिळून खरी मजा. म्हणून नवशिके करतात ती चूक म्हणजे कूपन हातात आलं की लगेच पळतात. कूपन आलं त्या आठवड्यात भाव बहुतेक वेळा चढाच असतो, थांबायचं, तारीख संपायच्या आत सेल लागतो का बघायचं.

बारीक अक्षरं वाचा. 'वन पर पर्चेस' म्हणजे एका वस्तूला एक, चार बाटल्या घेतल्या तर चार कूपनं चालतात. 'वन पर ट्रान्झॅक्शन' म्हणजे अख्ख्या बिलात एकच. चित्रावर जाऊ नका, चित्रात कंपनी मुद्दाम सगळ्यात महागडी बाटली दाखवते, चालतं ते शब्दांवर. तुमच्या दोन कूपनांचं माप चुकलं ते तिथेच.

डिजिटल कूपनं दुकानाच्या अॅपमध्ये आधी कार्डवर चढवायला लागतात, काउंटरवर उभं राहून नाही, तिथे नेटवर्क नेमकं मरतं. आणि डिजिटलपण कंपनीचंच असेल तर तेच कागदी वर लागत नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. न्यूजर्सीत खाण्याच्या सामानाला सेल्स टॅक्स नाही पण टूथपेस्ट, शॅम्पू, डिटर्जंटला ६.६२५ टक्के आहे, आणि कंपनीचं कूपन लावलं तरी टॅक्स कूपनच्या आधीच्या किमतीवर बसतो. म्हणजे १.९९ ची टूथपेस्ट दोन डॉलरच्या कूपनवर फुकट मिळाली तरी तेरा सेंट द्यायचे. फुकट वस्तूवर तेरा सेंट भरताना जो काही जीव जळतो तो फक्त आपल्यालाच कळतो.

(कूपनच्या तळाशी 'कॅश व्हॅल्यू एक सेंटचा शंभरावा भाग' असं लिहिलेलं असतं. बायकोने पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हणाली, म्हणजे आपल्या ड्रॉवरमध्ये सगळे मिळून पाव सेंट आहेत का.)

चिवडा_कमी_तिखट

जुने भिडू, पाव सेंट =))

पोळपाट, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कडू आहे. तुझ्या घरात आठवड्याला काय येतं ते आठव. कणीक, तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, शेंगदाणे, कांदे-बटाटे, कोथिंबीर, दूध, दही. यातल्या एकाला तरी रविवारच्या पेपरात कूपन बघितलंयस? दह्याला कधीमधी येतं, तेही त्या फळं घातलेल्या गोड दह्याला, ज्याची कढी होत नाही. कूपन म्हणजे कंपनीच्या जाहिरातीचा पैसा, ते ज्याला ब्रँड आहे आणि ज्यात भरपूर मार्जिन आहे त्याच्यावरच निघणार. कोथिंबिरीची जुडी कोणाची कंपनी आहे? कोण तिची जाहिरात करणार?

म्हणून माझा नियम साधा आहे, कूपनं फक्त मोरीसाठी. दात, केस, भांडी, कपडे, टॉयलेट पेपर, आणि तुझं पोर लहान आहे तर रात्रीचे पुलअप्स (चड्डीसारखे डायपर). स्वयंपाकघराकरता ओकट्री रोड झिंदाबाद, तिथल्या देशी दुकानांच्या आठवड्याच्या जाहिराती बघायच्या, तांदळाची २० पाउंडाची पिशवी कुठे उतरलीय, डाळ कुठे, बास.

मुक्काम_पोस्ट_टेक्सस

आमच्या इथे एचईबी नावाच्या सुपरमार्केटात पिवळी कूपनं शेल्फलाच लटकवलेली असतात, अमुक घ्या तमुक फुकट, 'कॉम्बो लोको' म्हणतात. कापाकापी नाही, ओढायचं आणि कार्टमध्ये टाकायचं. तोटा असा की अमुक घ्यायला गेलेलो नसतोच. मध्ये एकदा टॉर्टिया फुकट मिळतील म्हणून चिकन घेतलं आणि बायको म्हणाली श्रावण चालू आहे.

सांगलीच्या_बाई

हा धागा बघून राहवलं नाही, मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

२०१३ साली माझे बाबा सहा महिने आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर बँकेत नोकरी, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, आणि आले नेमके नोव्हेंबरात. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, आम्ही दोघं कामावर. एका रविवारी पेपरबरोबर त्या रंगीत पुरवण्या आल्या आणि बाबांनी विचारलं हे काय आहे गं. मी म्हटलं कूपनं, कापायची आणि दुकानात द्यायची. म्हणाले, म्हणजे दर्शनी हुंडीच की, दाखवली की पैसे. झालं. पुढच्या रविवारी कात्री, पट्टी आणि चष्मा घेऊन माणूस सकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावर.

एक हार्मोनियमसारखी उघडणारी फाइल आणली, तिला मराठीत चिठ्ठ्या लावल्या. 'दात', 'केस', 'भांडी', 'कपडे', 'खाऊ', आणि सगळ्यात मागे एक कप्पा 'संशयास्पद'. संशयास्पदमध्ये काय असायचं तर ज्या वस्तूचा उपयोगच त्यांना कळला नाही ती सगळी. एअर फ्रेशनर, सॅलड ड्रेसिंग, कुत्र्याचे दात घासायची काडी.

आणि एक वही. लाल कापडी बांधणीची, येतानाच सांगलीहून बॅगेत टाकलेली, का ते त्यांनाच माहीत. त्यात रकाने आखले: तारीख, वस्तू, दुकान, माप, भाव, औंसाला किती पडलं, कूपनने किती सुटलं. आणि शेवटचा रकाना, 'एरवी घेतलं असतं का', त्यात हो किंवा नाही. आम्ही दुकानातून आलो की पिशव्या रिकाम्या करायच्या आधी बाबांना पावती द्यायची, नवरा तर म्हणायचा आपण ऑडिटरकडे राहतोय.

जायच्या आदल्या रात्री त्यांनी बेरीज मांडली, ते पान माझ्याकडे अजून आहे. पावत्यांवर छापलेलं 'यू सेव्हड' सगळं मिळून ४१२ डॉलर. त्यातले शेवटच्या रकान्यात 'नाही' असलेले २५८ वजा, कारण ती वस्तू घेतलीच नसती तर वाचवायचा प्रश्नच कुठे होता. राहिले १५४. सव्वीस रविवारांचे पेपर, दोन डॉलरने ५२, वजा. राहिले १०२. मग त्या 'नाही'वाल्या वस्तूंना कूपन लावूनसुद्धा जे खिशातून गेले ते ९६, वजा. खाली दोन रेघा आणि निव्वळ बचत: ६ डॉलर. सहा महिन्यांत. महिन्याला एक.

मला हसू फुटलं, बाबा मात्र गंभीर. म्हणाले, कूपनाचा रकाना सोड, भावाचा बघ. आणि खरंच, त्या वहीत दिसत होतं की आमच्या नेहमीच्या दुकानात डिटर्जंट दर सहा-सात आठवड्यांनी तळाला जातं, की मोठा डबा नेहमी स्वस्त पडतो हे खोटं आहे, कॉफीचा मोठा डबा तर औंसाला महाग निघाला, आणि की बटर थँक्सगिव्हिंगच्या (इथला नोव्हेंबरअखेरचा सण) सुमाराला पडतं ते जानेवारीत परत चढतं. शेल्फवर किमतीच्या चिठ्ठीत कोपऱ्यात बारीक अक्षरात पर पाउंड, पर औंस लिहिलेलं असतं ना, मी इतकी वर्षं तिकडे बघितलंच नव्हतं.

ती वही भरून दुसरी चालू आहे. कूपनं मी आता फार नाही कापत, वही लिहिते. बाबा दर नोव्हेंबरात फोनवर प्रकृती विचारायच्या आधी विचारतात, बटर किती झालं.

चिवडा_कमी_तिखट

'संशयास्पद' =)) बाबांना साष्टांग नमस्कार. ते पान फ्रेम करा.

लॉजिकराव

सगळं छान आहे पण कोणी वेळेचा हिशोब धरणार आहे का? आठवड्याला दोन तास कापाकापी, अॅपमध्ये क्लिक क्लिक, मग त्या एका सेलसाठी वेगळ्या दुकानात गाडी. महिन्याचे आठ-दहा तास आणि वाचले वीस डॉलर, म्हणजे तासाला दोन डॉलर. एवढ्यात मी ओव्हरटाइम करून काय काय केलं असतं. कॉस्टको किंवा आल्डी असल्या स्वस्त दुकानांत जा, दोन्हीकडे कंपनीची कूपनं घेतच नाहीत, विषय संपला.

पोळपाट_लाटणं

लॉजिकराव, वर लिहिलंय मी, मला काम करायची परवानगी नाही. माझ्या तासाला तुमच्या हिशोबात शून्य डॉलर मिळतात. त्यामुळे तासाला दोन डॉलर म्हणजे माझी तर पगारवाढच आहे.

लॉजिकराव

ते वाचायचं राहिलं ताई, चुकलंच. मागे घेतो. कॉस्टकोबद्दल एक मात्र कामाचं सांगतो, तिथे किंमत .९७ ने संपत असेल तर बहुतेक ती उतरवलेली असते, आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो माल परत मागवणार नाहीत, आवडीचा असेल तर तेव्हाच उचला.

जुना_भिडू

हे बरोबर. पण तिघांच्या कुटुंबाला मेंबरशिपचे पैसे वसूल होतात का ते आधी बघा, नाहीतर सहा पाउंड पालक घेऊन रोज पालकाची ताकातली भाजी.

माळकऱ्याची_बायको

टर्कीचा (कोंबडीसारखा मोठा पक्षी) किस्सा सांगते. शॉपराइटमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधी काही आठवडे मिळून ठरावीक रकमेची खरेदी झाली की टर्की फुकट देतात, आमच्या वेळी ४०० डॉलर होते. आमच्याकडे तेव्हा सासूसासरे, दोन दीर, सगळे, त्यामुळे ४०० कधीच पार झाले. कॅशियर म्हणाली तुम्हाला फ्री टर्की लागू आहे. नवरा माळकरी, अंडं घरात येत नाही, पण 'फ्री' ऐकल्यावर सासूबाईंचा जीव राहीना, म्हणाल्या घे गं, कोणाला तरी देता येईल. घेतली. अठरा पाउंडांची गोठलेली टर्की, घरात न्यायची नाही म्हणून गाडीच्या डिकीत, रात्री बाहेर उणे चार, त्यामुळे फ्रीजची गरज पडली नाही. सकाळी हे स्वतः जाऊन गावातल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट अन्न देतात तिथे) देऊन आले, हातमोजे घालून, तोंडाने रामकृष्णहरी. पुढच्या वर्षी चौकशी केली तेव्हा कळलं की टर्कीच्या ऐवजी दुसरंही काय काय घेता येतं, मांस नसलेलं पण.

ठाकुर्ली_स्लो

अमेरिकेच्या धाग्यात नाक खुपसतोय, दिवा घ्या (म्हणजे हलकंच घ्या). आमच्याकडे छापील कूपन हा प्रकार तसा रुजलाच नाही, कारण आपल्याकडे एमआरपी. पाकिटावरच कमाल किंमत छापलेली, मग सगळी लढाई त्याच्या खाली किती देतोस यावर. वाण्याकडे दोन रुपये सुटतात, मोठ्या सुपरमार्केटात त्याहून जास्त, आणि कंपनीला काही द्यायचंच असेल तर ती पाकिटाला वाटी चिकटवते. ती वाटी आमच्या लहानपणी दुकानदार काढून ठेवायचा आणि वेगळी विकायचा, आई पाकीट हातात घेऊन आधी सेलोटेपचा डाग शोधायची. डाग आहे म्हणजे वाटी होती.

आईची खरी बचत मात्र मुंबई ग्राहक पंचायतीची. १९७५ पासून चालू आहे हे. आसपासची कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, मग माल घाऊक येतो आणि एकाच्या घरी उतरतो, तिथे सगळ्यांनी जमून वाटप करायचं. आमच्या दिवाणखान्यात महिन्यातला एक रविवार पोत्यांचा असायचा, मी आठवीत असताना काकूंच्या याद्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. फसवणुकीला जागा नव्हती कारण वाटणारेही आपणच.

आणि आत्ताची गंमत सांगतो. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्याला, २५ किलोपर्यंत, पाच टक्के जीएसटी लागला. लगेच बाजारात २६ किलोच्या गोणी आल्या. एक किलो जास्त घेतला की टॅक्स गायब. आता सांगा, याच्याहून मोठं कूपन कोणतं.

चकलीचा_सोऱ्या

२६ किलो =)) आणि तो तांदूळ ठेवायचा कुठे? आमच्या आजीकडे कोठी होती, गव्हाला एरंडेल चोळायची, तांदळात बोरिक पावडर, वर कडुलिंबाचा पाला. आता एक बीएचकेत २६ किलो तांदूळ म्हणजे पाहुण्यासारखा सोफ्यावर बसवायला लागेल.

अॅपवाल्यांच्या कूपन कोडांबद्दल कोणीतरी बोला. परवा एका अॅपवर '१०० रुपये सूट' म्हणून कोड टाकला, तर म्हणे ५९९ च्या वर हवं. माझी टोपली ४१०. दोनशेचं काहीबाही भरलं, मग हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी, पाऊस पडतोय म्हणून अजून एक चार्ज. शेवटी ५४० भरून घरी काय आलं तर मला हवं असलेलं ४१० चं सामान आणि दोन पाकिटं किनवा. किनवाचं थालीपीठ होतं का?

सांगलीच्या_बाई

सोऱ्या, तो किनवा 'नाही'च्या रकान्यात टाका. थालीपीठ होतं, पण भाजणी जास्त घाला.

पेन्शनर_पुणे

आमच्या कंपनीत पगाराबरोबर खाण्याची कूपनं मिळायची, सोडेक्सोची पुस्तिका (त्या कंपनीचं नाव आता प्लक्सी झालंय). जेवणाला ५० रुपयांपर्यंत करमाफ म्हणून घेतलेली, पण जेवण घरचा डबा, त्यामुळे सगळी कूपनं वाण्याकडे. वाणी सुटे परत द्यायचा नाही, वीस रुपये उरले की 'काका, साबण घ्या'. निवृत्त झालो तेव्हा घरात एकतीस साबण होते. अजून चालू आहेत.

इतिहासप्रेमी_बोका

थोडी माहिती, कंटाळा आला तर पुढे जा. कूपनची सुरुवात १८८७ च्या सुमाराला कोका-कोलाने केली असं मानतात, एक ग्लास फुकट अशी चिठ्ठी. दुकानात जाऊन पैसे कमी करून घ्यायचं कूपन, म्हणजे वाणसामानाचं, ते पुढे सी. डब्ल्यू. पोस्ट या अमेरिकन उद्योजकाने काढलं, एक सेंट सूट, आणि कशावर? सिरियलवर. म्हणजे पोळपाटताईंच्या पाकिटात सिरियलच सिरियल निघालं ते परंपरेला धरूनच आहे. पुढे महामंदीत लोकांना एकेक सेंट मोलाचा झाला आणि कूपनं घरोघर पोचली.

तारीख गेलेली कूपनं पण टाकू नका. परदेशातल्या अमेरिकन लष्करी तळांवरच्या दुकानांत ती तारखेनंतर सहा महिने चालतात, काही लायब्ररी आणि संस्था गोळा करून तिकडे पाठवतात.

चिवडा_कमी_तिखट

लायब्ररीवरून आठवलं, आमच्या लायब्ररीत एक टोपली असायची, नको ती कूपनं टाकायची आणि हवी ती घ्यायची. आता ती टोपली बहुतेक रिकामीच असते, पेपरातल्या पुरवण्याच पातळ झाल्यात, सगळं अॅपवर गेलं.

पोळपाट_लाटणं

हो ना, आणि याच्यावरूनच पुढचं सांगायला आलेय. धाग्यावरचं सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, एक वही केलीय (लाल मिळाली नाही, युनिकॉर्नवाली आहे, कार्ट्याची).

त्या लाँड्रीच्या आजींना भेटले, म्हटलं तुमच्या कूपनांतली तीन चालली. बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही. शेल्फवर मोठ्या अक्षरात जो भाव लिहिलेला असतो आणि खाली बारीक 'डिजिटल कूपनसह', तो भाव त्यांना मिळतच नाही, त्या म्हणाल्या मी तो आकडा बघते आणि जास्तीचे पैसे देते. मला फार वाईट वाटलं. मग मी त्यांच्या दुकानाच्या कार्डाचं खातं माझ्या फोनवर उघडून दिलं, दर रविवारी संध्याकाळी त्या त्यांची यादी घेऊन येतात, मी त्यांची कूपनं चढवते, त्या काउंटरवर फक्त आपला नंबर दाबतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचे अकरा डॉलर वाचले. माझे वाचले चार.

जुना_भिडू

हे भारी केलंत. फक्त एक, चढवायच्या आधी त्या वस्तूंच्या मापांची चिठ्ठी त्यांना लिहून द्या, नाहीतर परत टुंई. आणि नोव्हेंबर आलाय, सांगलीच्या बाई, बटर किती झालं?

सांगलीच्या_बाई

आमच्याकडे डिजिटल कूपनवर २.४९ ला पाउंड, एका खात्यावर चार. एरवी पाचच्या खाली मिळत नाही. पोळपाट, तुमच्याकडे असेल तर सोडू नका, हे एक कूपन आपल्या स्वयंपाकघरात येतं. अनसॉल्टेड घ्यायचं, मीठवालं चुकून आलं तर तूप खारट लागतं. चार पाउंडाचं साधारण सव्वा ते दीड किलो तूप होतं, जाड बुडाचं पातेलं, मंद आच, वरचा फेस खाली बसून बेरी बदामी झाली की लगेच बंद, इथल्या बटरमध्ये पाणी असतं त्यामुळे आधी बराच वेळ तडतडतं, घाई करून आच वाढवू नका. लगेच कढवायचं नसेल तर बटर फ्रीझरमध्ये सहा महिने राहतं.

माळकऱ्याची_बायको

कढवताना फायर अलार्मच्या खाली उभ्या राहू नका, अनुभवाचे बोल.

पोळपाट_लाटणं

मिळालं! २.९९ होतं, चारचीच मर्यादा. आजींना एकच लागतं म्हणाल्या, म्हणून त्यांच्या कोट्यातली तीन त्यांनीच माझ्यासाठी उचलली, पैसे मी लगेच दिले. सात पाउंड. चार फ्रीझरमध्ये आणि तीन आज दुपारी कढवलं, अलार्म वाजला नाही पण शेजारचा मुलगा 'पॉपकॉर्न करताय का' म्हणून दार वाजवून गेला. वहीत नोंद केली, शेवटच्या रकान्यात 'हो'.

आजींना जॅमच्या बाटलीत भरून थोडं दिलं. त्यांनी ते टोस्टला लावलं आणि वर मीठ भुरभुरवलं.

चिवडा_कमी_तिखट

आणि बेरी?

पोळपाट_लाटणं

कार्ट्याने खाल्ली, साखर घालून, पातेलं पुसून. मला दिली नाही.